दहा दिवसांच्या गोळ्या

महोदय,

मी 71 वर्षांचा, सारी नोकरी सायकलवर टपाल वाटण्यात गेलेला माणूस. 70 वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्ड काढलं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचा इलाज. चांगलंच आहे. पण ते चालतं दवाखान्यात भरती झाल्यावर. भरती होऊ नये म्हणून रोज जी बीपीची गोळी लागते, ती आमच्या उपकेंद्रात एका वेळी दहाच दिवसांची मिळते.

माझे मोठे भाऊ 76 वर्षांचे. उपकेंद्र चार किलोमीटरवर. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, पण आमच्या फाट्यावर सकाळची बस थांबली तर थांबली. त्यात कापूस वेचणीचे दिवस, मजूर सोडून कोण जाणार? ‘डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मंग गोळी कायले खाऊ?’ दादांचं म्हणणं. बीपी दुखत नाही, हीच त्याची खोड.

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी सांधवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, तोंड धुताना त्यांच्या उजव्या हातातला लोटा गळून पडला. उचलायला वाकले तर बोटं वळेनात, जीभ जड. घरच्यांनी लकव्याचं औषध देणाऱ्याकडे नेलं. अर्धा दिवस तिथं गेला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याआधी सिटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना ते पाहावं लागतं, हे यवतमाळला डॉक्टरांनी मला सांगितलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

हात बराच सुधारला. डोकं नाही. कोणत्या बाईनं आठवड्यात किती किलो वेचला हे ज्यांना चोपडी न उघडता तोंडपाठ असायचं, ते दादा भर चैतात विचारतात, ‘वेचाई झाली का?’ शेजारी म्हणतात, वय झालं, चळ लागला. वय तर माझंही झालंय. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं दाब सोसून खराब होतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची 14 टाळता येण्यासारखी कारणं दिली आहेत, त्यांत मध्यम वयातलं वाढलेलं बीपी आहे, तंबाखूचा धूर आहे, कमी ऐकू येणंही आहे. (दादा बिडी ओढत नाहीत, पण तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटला नव्हता, हेही लिहिलं पाहिजे.)

दवाखान्यातून आल्यावर गोळी वाढली आणि रात्री लघवीला उठताना दादा दोनदा पडले. बसवून मोजलं तर बीपी बरोबर, उभं करून मोजलं तर वरचा आकडा पंचवीसनं खाली. एका सिस्टरनं उभं करून मोजायची तसदी घेतली म्हणून कळलं. म्हाताऱ्यांचं बीपी असं दोनदा मोजायला मिनिटं लागतात तीन.

रक्तदाब नियंत्रणाचा केंद्राचा उपक्रम शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सुरुवातीपासून आहे. त्यात महिन्याभराच्या गोळ्या एकदम द्यायच्या असतात. मग आमच्याकडे दहाच दिवसांच्या का? विचारलं तर ‘वरूनच साठा येत नाही’. वर म्हणजे कुठं, तो पत्ता जन्मभर टपाल वाटूनही मला सापडलेला नाही.

दादांच्या गोळ्यांचं पाकीट आता माझ्याकडे असतं. आज चार उरल्यात. उपकेंद्रात बीपीचा दिवस मंगळवार, आणि या मंगळवारी सुट्टी आहे.

– एक सेवानिवृत्त पोस्टमन, ता. घाटंजी, जि. यवतमाळ