मांडवात ग्रामसेवकही बसवा

महोदय,

लग्नसराईत पालघर, डहाणू, जव्हारकडच्या सामुदायिक विवाहांच्या बातम्या येतात. त्यातली कित्येक जोडपी आधीपासून एकत्र नांदणारी असतात, काहींची मुलेही मांडवात असतात. शहरी 'लिव्ह-इन'शी याची गल्लत नको. वारली-कातकरी पाड्यांवर लग्न राहून जाते ते पैशाअभावी. मुलाकडून द्यायचे देज, धवलेरीचा (लग्न लावणाऱ्या वारली बाईचा) मान, साऱ्या पाड्याचे जेवण. १९४५च्या वारली उठावाआधी लग्नासाठी कर्ज काढणारा 'लग्नगडी' होऊन बायकोसह सावकाराकडे राबत असे. त्यामुळे कर्ज टाळून संसार मांडणे हे शहाणपणच म्हणायचे.

वीटभट्टीचा मालक उचल देताना जोडी बघतो, लग्नाचा दाखला नाही. दाखला मागते सरकारी कार्यालय, तेही बहुधा नवरा गेल्यावर. वनहक्क कायद्याच्या कलम ४(४)नुसार विवाहितांचा वनजमिनीवरचा हक्क दोघांच्या नावे नोंदवायचा असतो. दावा एकट्या पुरुषाचा भरला गेला की बाई बाहेर. पुढे वारसनोंद, निराधार अनुदान, कुटुंब लाभ योजनेचे २० हजार रुपये, सगळीकडे तीच अडवणूक. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा (२००५) विवाहसदृश नात्यातल्या स्त्रीला घराबाहेर काढण्यापासून वाचवतो, पण तलाठ्याकडच्या फेरफाराला तो पुरत नाही.

म्हणून आयोजकांना कळकळीची विनंती. ग्रामसेवक हाच गावचा विवाह निबंधक, त्याला मांडवातच बसवा. वयाचा पुरावा, आधार, फोटो आणि तीन साक्षीदार आठवडाभर आधी ठरवून ठेवा आणि विवाह ज्ञापन (लग्नाच्या नोंदणीचा अर्ज) तिथेच भरा. त्याची मुदत ९० दिवस आहे. पण माणसे भट्टीवर पांगली की साक्षीदार पुन्हा एकत्र येत नाहीत.

सर्वांत महागात पडणारी चूक तारखेची. ज्यांची हळद धवलेरीने पूर्वीच लावली आहे, त्यांच्याही ज्ञापनावर सोहळ्याची तारीख पडते आणि मुले कागदोपत्री लग्नाआधीची ठरतात. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा लागू नाही. त्यांचे रूढीने लागलेले लग्न हेच लग्न. तेव्हा खरी तारीख लिहा, धवलेरीचा अंगठा घ्या. ज्यांचे लग्न खरोखर आजच लागते आहे, त्यांनी मागची तारीख मुळीच टाकू नये. त्यांच्या मुलांच्या जन्मनोंदीत बापाचे नाव आहे का, एवढे त्याच दिवशी तपासावे. आणि एकट्या नवऱ्याच्या नावे वनपट्टा असेल, तर पत्नीचे नाव लावण्याचा ठराव लगेचच्या ग्रामसभेत घ्यावा.

— वनहक्क व वारसनोंदीचे काम करणारे कार्यकर्ते, पालघर