सायलेन्सर बदलला, टकटक तशीच

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : एक्झॉस्टच्या गळतीचे चुकीचे निदान केल्याबद्दल व सायलेन्सरचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

माझी पेट्रोल गाडी एकाच तक्रारीसाठी तुमच्या वर्कशॉपमध्ये तीनदा येऊन गेली. तिन्ही वेळा जॉब कार्डवर मी एकच वाक्य लिहायला लावले : ‘सकाळी गार इंजिन चालू केल्यावर पुढून टकटक येते, गाडी तापली की कमी होते.’ त्यातला ‘गार’ हा शब्द तुमच्याकडे कोणी वाचला असता, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पहिल्या खेपेला तुमचे सर्व्हिस ॲडव्हायझर थेट गाडीच्या मागे गेले. वाकून टेलपाइपखाली बोट धरले, बोटावर आलेला पाण्याचा थेंब मला दाखवला आणि म्हणाले, “हे बघा मॅडम, गळतोय. सायलेन्सर गेला.” सायलेन्सरच्या बुडाचे एक बारीक भोकही दाखवले. मी विश्वास ठेवला, ही माझी चूक. पेट्रोल जळले की पाणी तयार होतेच, १ लिटर पेट्रोलमागे जवळजवळ १ लिटर. पाइप तापेपर्यंत त्यातले थोडे थेंबाथेंबाने बाहेर पडणारच. आणि तसे बारीक, गोल, कडा साफ असलेले भोक पाणी निचरावे म्हणून पुष्कळ सायलेन्सरना कारखान्यातच पाडलेले असते. हे मला नंतर कळले. तुमच्या माणसाला आधीपासून माहीत असायला हवे होते.

नवा सायलेन्सर बसला, बिल भरले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टकटक जशीच्या तशी.

दुसऱ्या खेपेला खालचा पत्रा सैल आहे म्हणून तो आवळून दिला. पत्रा खडखडतो, टकटकत नाही, पण असो. मी विनवून सांगितले की गाडी रात्रभर ठेवून घ्या आणि सकाळी पहिल्यांदा चालू करताना कोणीतरी बॉनेटपाशी उभे राहून ऐका. त्यावर काउंटरवर हसण्यात आले. मी गाडी चालवत आणणार, म्हणजे ती तुमच्यापर्यंत गरमच पोचणार. गळती इंजिनपाशी होती; तिथले लोखंड तापून प्रसरण पावले की गळतीची फट मिटते आणि आवाज दबतो. तुम्ही प्रत्येक वेळी नेमका तो आवाज गेल्यावरच ऐकत होतात.

तिसऱ्या खेपेपर्यंत डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागला होता. स्कॅनरवर पी०१७१ हा कोड आला, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलायचे कोटेशन हातात दिले. सेन्सर बिचारा खरेच बोलत होता. एक्झॉस्टमधला गॅस झटक्याझटक्याने येतो. दाब असतो तेव्हा तो फटीतून बाहेर फुसफुसतो, आणि दोन झटक्यांच्या मध्ये दाब उतरला की त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो जादा ऑक्सिजन दिसतो, मग कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. माझे मायलेज का घसरले, याचेही उत्तर त्यातच होते. सेन्सर बदलायला मी नकार दिला.

सगळ्यात जास्त राग मला एका वाक्याचा आहे. सिग्नलला थांबले की गाडीत धुराचा वास येतो आणि मागे बसलेल्या आईचे डोके दुखते, असे मी सांगितले, तेव्हा उत्तर मिळाले, “काच थोडी खाली ठेवत जा.” इंजिनपाशी निसटणारा गॅस ब्लोअरच्या वाटेने आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; जो वास येतो तो इतर वायूंचा, आणि माणसाला कार्बन मोनॉक्साइडचा अंमल चढतो तो आधी डोकेदुखीच्या रूपाने. अशी तक्रार ऐकल्यावर गाडी चालवू नका, असे सांगायला हवे होते.

शेवटी एका रविवारी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे बॉनेट मीच उघडले. भावाने टेलपाइपवर ओल्या फडक्याचा बोळा क्षणभर दाबून धरला आणि मी इंजिन चालू केले. पुढून फुसफुस स्पष्ट ऐकू आली. टॉर्च मारला तर मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनमधून निघणारा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या, कडेच्या नटापाशी काजळीचा पंख्यासारखा फराटा. त्याचे फोटो सोबत आहेत. नंतर दुसऱ्या एका मेकॅनिकने संरक्षक पत्रा काढला, तेव्हा टोकाचा स्टड, म्हणजे मॅनिफोल्ड इंजिनला धरून ठेवणारा आट्यांचा दांडा, इंजिनच्या हेडच्या आतच मोडलेला निघाला. मॅनिफोल्ड तापते-निवते, त्याचा सगळ्यात जास्त ताण टोकाच्या स्टडवर येतो, असे त्याने समजावले. ड्रिल मारून मोडका तुकडा काढला, नवा स्टड आणि जोडातून गॅस निसटू न देणारे नवे गॅस्केट घातले, नट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने आवळले. टकटक थांबली, वास गेला. कोड पुसल्यावर गाडी ९०० किलोमीटर चालली आहे. सेन्सर तोच जुना, दिवा पुन्हा लागलेला नाही.

जुना सायलेन्सर ठणठणीत होता असा माझा दावा नाही. आतून गंजलाही असेल. पण माझी तक्रार त्याची नव्हतीच. मी तो मागितला तेव्हा ‘भंगारात गेला’ असे सांगण्यात आले. तो दाखवता येत नसेल तर सायलेन्सरचे पैसे आणि त्याची मजुरी परत करा. दुसऱ्या खेपेची मजुरीही त्यात धरा. स्टडच्या दुरुस्तीचा खर्च मी मागत नाही, तो मला कधी ना कधी करावाच लागला असता. काच खाली ठेवण्याचा सल्ला कोणत्या आधारावर दिला, याचा खुलासा मात्र लेखी हवा. १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
गाडीमालक

सोबत : ३ जॉब कार्डांच्या प्रती, २ बिले, सेन्सरचे कोटेशन, काजळीचे फोटो. मोडका स्टड माझ्याकडे जपून ठेवला आहे; पाहायचा असल्यास घेऊन येईन.