समुद्राचं पाखरू, जंगलातलं अंडं

प्रिय सुन्या,

तुहा मेसेज वाचला. रत्नागिरीले बदली काय झाली, तू आम्हालेच सांगून राहिला का समुद्राच्या पाखराचं तुम्हा जंगलवाल्याले काय समजते. घे मंग, एक असं पाखरू सांगतो जे पोट भरते समुद्रावर अन् अंडं घालते जंगलात.

नाव मार्बल्ड मरलेट. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, अलास्कापासून खाली कॅलिफोर्नियापर्यंत. लांबीनं साळुंकीएवढं पण गुबगुबीत, पंखानं पाण्याखाली पोहून मासोळ्या धरते. शास्त्रज्ञांनी १७८९ मध्येच नाव देऊन टाकलं, पण कॅलिफोर्नियात हे अंडं कुठं घालते ते पुढं जवळपास दोनशे वर्षं कोनाले दाखवता येईना, १९७० मध्ये तर घरटं दाखवणाऱ्याले १०० डॉलर इनाम ठेवला होता बे! अन् सापडलं कोनाले? होइट फॉस्टर नावाच्या मानसाले, जो बिग बेसिनच्या जंगलात झाडावर चढून धोक्याच्या फांद्या छाटत होता. ऑगस्ट १९७४, डग्लस फरचं झाड, जमिनीपासून ४५ मीटर वर, अन् फांदीवर पिल्लू बसून. मले हेच लय आवडलं, दुर्बीणवाले राहिले खालीच अन् झाडावर चढणाऱ्याले दिसलं. लाकूडतोडे तर याचा आवाज पहाटेच्या धुक्यात आधीपासून ऐकत होते. आपल्या मोहफुलं वेचणाऱ्या बायाइले कोनी पाखराचं विचारते का सांग.

घरटं म्हणजे काडीचाही पत्ता नाही, जाड फांदीवरच्या शेवाळात एकच अंडं. आईबाप २४-२४ तासाच्या पाळीनं बसतात, एक अंड्यावर तर दुसरा समुद्रावर, कधीकधी ८० किलोमीटर दूर. पिल्लू उडायच्या वेळेस अंगावरचं लव चोचीनं उपटून फेकते अन् एकटंच निघते, पहिल्याच उड्डाणात थेट समुद्रावर, सोबतीले कोनी नाही.

एवढी रुंद शेवाळलेली फांदी जुन्या झाडालेच राहते, म्हणून जुनं जंगल तोडलं का हे पाखरू गेलं, रोपं लावून फोटो काढल्यानं भागत नाही. १९९२ मध्ये त्याले धोक्यातल्या यादीत टाकलं. अन् दुसरी भानगड पिकनिकवाल्यांची. सांडलेल्या खाण्यावर कावळ्याच्या जातीचे पक्षी जमतात अन् मंग अंडीपिल्लं खातात, म्हणून तिकडच्या पार्कात आता सांगतात का ब्रेडचा चुरासुद्धा खाली पाडू नका. इथं नागझिऱ्याच्या गेटवर लोक माकडाले कुरकुरे फेकून हसत असतात, तू पण त्यातलाच होता, मले सारं आठवते.

आता तुह्याकडं काम. पावसाळ्यात वादळानं मास्क्ड बूबी वगैरे खोल समुद्रातले पक्षी कोकणच्या किनाऱ्यावर येऊन पडतात. तुह्या गावच्या खलाश्याइले विचार का त्यायनं काय काय पाहिलं, अन् लिहून पाठव. फोटो असला तर पाठवच, फक्त तुही सेल्फी नको.

रोवणी सुरू हाय, मजूर भेटत नाही, बाकी ठीक. काकूले नमस्कार सांग.

तुहा,
बाल्या