बिल बनण्याआधी

जळगाव,
श्रावणातला शेवटचा आठवडा

प्रिय बापू,

कानबाईच्या गडबडीत फोनवर तुझं नीट ऐकता आलं नाही. तुमच्याकडे डफ वाजत होता, आमच्याकडे पोरांचा धिंगाणा, आणि तू एकच वाक्य धरून बसला होतास, "आजलगून कोना रुपया बुडाडा नही भो, मंग मन्हा सिबिल कमी कसा?" घरकर्जाचा अर्ज परत आला याचं जितकं वाईट वाटलं असेल त्याहून जास्त तुला तो सिबिलचा, म्हणजे कर्ज फेडण्यातल्या पतीचा, ६४१ आकडा लागलाय, हे आवाजावरून कळत होतं. तू पाठवलेला रिपोर्ट मी सावकाश वाचला. बँकेत कर्जाच्या टेबलावर बसून असे रिपोर्ट रोजच बघतो, पण मित्राचा रिपोर्ट वाचताना माणूस जरा थांबून वाचतो.

पहिली गोष्ट, तू कुणाचा रुपया बुडवला नाहीस हे त्या रिपोर्टातही लिहिलंय. मागच्या छत्तीस महिन्यांचा हिशोब त्यात असतो. त्यात फक्त दोन ठिकाणी उशिराचे दिवस दिसतात आणि दोन्ही मागच्या मे-जूनचे. तेव्हा तुझ्या दुकानात बियाण्याची पाकिटं येऊन पडतात आणि गल्ल्यात पैसा नसतो, ते काय मला माहीत नाही? बाकी सगळे महिने स्वच्छ. मग गाडी अडली कुठे? ३०० ते ९०० मधल्या या आकड्याला पारोळ्याच्या बाजारपेठेत बापूला कोण किती मानतं याच्याशी घेणंदेणं नाही. तुझी ठेव किती, शेत किती, दुकानात माल किती, यातलं काहीच त्याला दिसत नाही. दिसतं ते एवढंच की उसने घेतलेले पैसे वेळेवर फेडलेस का, आणि मिळालेल्या लिमिटातलं किती वापरून बसलायस. पहिल्यात तू जवळपास पास आहेस. दुसऱ्यात साफ नापास.

हिशोब कर. तुझी क्रेडिट कार्डं दोन. एकाचं लिमिट १ लाख, त्यावर बाकी ९२ हजार. दुसऱ्याचं लिमिट ६० हजार, बाकी ५१ हजार. म्हणजे १ लाख ६० हजारांपैकी १ लाख ४३ हजार वापरलेले, जवळपास नव्वद टक्के. आम्हा बँकवाल्यांचा ढोबळ आडाखा असा की हा वापर तीस टक्क्यांच्या आत असावा, म्हणजे तुझ्या बाबतीत ४८ हजारांच्या खाली. नव्वद टक्के बघितले की यंत्राला वाटतं, हा माणूस गळ्यापर्यंत आलाय. तू आला नसशील, पण त्याला कोण सांगणार?

आता तू म्हणशील, मी तर दर महिन्याला पैसे भरतो. भरतोस, पण काय भरतोस? मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावरची कमीत कमी भरायची रक्कम. इथे मला तुझ्यावर जरा चिडायचंय, राग मानू नकोस. मोठ्या कार्डाचं व्याज तुझ्या बिलावर महिन्याला साडेतीन टक्के छापलंय. ९२ हजारांवर ते होतं ३,२२०, त्यावर अठरा टक्के जीएसटी, झाले ३,८००. मिनिमम ड्यू साधारण पाच टक्के धरला तर ४,६००. म्हणजे खिशातून ४,६०० गेले आणि कर्ज कमी झालं ८०० रुपयांनी! छोट्या कार्डाचा दर पावणेचार टक्के आहे, तिथे व्याज आणि जीएसटी मिळून सव्वादोन हजार. दोन्ही कार्डांचं मिळून महिन्याला सहा हजार, वर्षाला बहात्तर हजार. आणि सालदाराशी तू हजार-दोन हजारांवरून दोन दोन तास घासाघीस करतोस.

त्यात अजून एक मेख आहे, ती बिलावर बारीक अक्षरात असते. मागची बाकी पूर्ण भरली नसेल तर बिनव्याजी पन्नास दिवस वगैरे सगळं बंद. आज डिझेल टाकलंस तर आजपासूनच त्यावर व्याज. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर बाकी शून्य असली तरी पहिल्या दिवसापासून व्याज, वर फी. म्हणून बाकी उतरेपर्यंत मोठं कार्ड वहिनींच्या कपाटात टाकून दे.

आता तारखांचं सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही आणि फायदा यातच जास्त आहे. कार्डाच्या दोन तारखा असतात. एक बिल बनण्याची आणि दुसरी, त्यानंतर अठरा-वीस दिवसांनी येणारी, पैसे भरण्याची. तू दुसरी सांभाळतोस. पण सिबिलकडे, म्हणजे हा आकडा काढणाऱ्या कंपनीकडे, बाकी म्हणून सहसा पहिल्या तारखेचा आकडा जातो. धरणगावच्या जिनिंगला वजनकाट्यावर ट्रॉली उभी असते त्या घडीला तिच्यात जेवढा कापूस तेवढाच मांडला जातो ना, तसंच हे. तू वीस दिवसांनी अख्खं बिल भरलंस तरी मांडणी आधीच होऊन गेलेली असते. तेव्हा पैसे हातात असतील तर बिल बनण्याच्या तीन-चार दिवस आधी टाक. तुझ्या मोठ्या कार्डाचं बिल १८ तारखेला बनतं, म्हणजे १४ तारखेपर्यंत. आणि बिल बनल्यावर जे थोडंफार उरेल ते ड्यू डेटच्या, म्हणजे त्या दुसऱ्या तारखेच्या, आत, पूर्ण. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ड्यू डेट उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच लेट फी लागते आणि थकीत म्हणून नोंद जाते. पण त्या तीन दिवसांच्या भरवशावर बसू नकोस, सर्व्हर आणि सुट्ट्या आपल्या बाजूने नसतात.

पण बापू, खरं दुखणं तारखेच्याही मागे आहे. जूनमध्ये तू कार्डावर माल उचलतोस, शेतकऱ्याला उधारीवर देतोस, आणि शेतकरी पैसे देतो कापूस वेचून विकल्यावर, दिवाळीला किंवा त्याच्याही पुढे. कार्डाचं चक्र महिन्याचं आणि उधारीचं सहा महिन्यांचं. यात स्कोअर पडणारच होता, तुझ्याजागी कुणी सावकाराचा पोरगा असता तरी पडला असता. पाऊस लांबला की उधारीही लांबते, आणि तेवढे महिने साडेतीन टक्के चालूच. दुकानाच्या मालाला दुकानाचंच कर्ज पाहिजे, सरकारी योजनेतलं मुद्रा कर्ज घे नाहीतर कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज, घे. मुद्रामध्ये किशोर गटात ५ लाखांपर्यंत मिळतं, व्याज कार्डाच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतकं. शेतावरचं किसान क्रेडिट कार्ड तुझ्याकडे आहेच, त्याचं आणि या कार्डाचं नाव सोडलं तर काही जुळत नाही. ते सात टक्क्यांचं, वेळेवर भरलं तर त्यातही सवलत. पण म्हणून पीककर्जाचे पैसे दुकानात फिरवू नकोस. तुझा स्वभाव माहीत आहे म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आत्ता काय करायचं ते सांगतो. तुझी सव्वा लाखाची ठेव आहे ना, ताईच्या लग्नासाठी ठेवलेली? तिला सात टक्के मिळतात. एका हाताने वर्षाला सात घेतोस आणि दुसऱ्या हाताने बेचाळीस देतोस, वर जीएसटी. मोडू नको, मोडायची गरजच नाही. ठेवतारण कर्ज घे. ठेवीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत मिळतं, ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने, आणि तारण बँकेच्याच हातात असल्यामुळे तिथे ६४१ आकड्यावरून कोणी तोंड वाकडं करत नाही. एक लाख उचल. महिन्याचं व्याज सातशे-साडेसातशेच्या घरात.

ते एक लाख कुठे भरायचे यावर दोन मतं आहेत. दोन्ही कार्डं तिसाच्या आत आणायची तर मोठ्यावर ६४ हजार, छोट्यावर ३६ हजार. स्कोअर कदाचित यानेच जरा लवकर हलेल, कारण एकेक कार्ड किती भरलंय हेही बघितलं जातं. पण घरकर्जाचा अर्ज तू दिवाळीनंतर करणार आहेस, घाई नाही. माझं मत, छोटं कार्ड पूर्ण मोकळं कर, ५१ हजार. त्याचा दर जास्त आहे, आणि ते शून्यावर आलं की त्यावरची बिनव्याजी मुदत परत सुरू होते. उरलेले ४९ हजार मोठ्यावर. तिथे राहतील ४३ हजार, म्हणजे दोन्ही मिळून सत्तावीस टक्के. पुढचे ४३ हजार उधारी जशी येईल तसे आधी कार्डावर, मग बाकी सगळीकडे. पूर्ण भरल्यावरही पुढच्या बिलात थोडंफार व्याज येईल. मागच्या बिलापासून तू भरलेल्या दिवसापर्यंतचं ते व्याज असतं, कस्टमर केअरशी भांडत बसू नको, भरून टाक.

आणि मोकळं झालं म्हणून छोटं कार्ड बंद करू नकोस. रागाच्या भरात सगळे तेच करतात. ते बंद केलंस की तुझं लिमिट १ लाखावर येईल आणि तेच ४३ हजार एकदम त्रेचाळीस टक्के दिसतील. महिन्याला मोटारसायकलचं पेट्रोल टाक, पूर्ण भर, बस्स.

तो स्टेशनरोडचा एजंट, पंधरा हजारांत सिबिल साडेसातशे करून देतो म्हणणारा. त्याला दारात उभा करू नको. रिपोर्टात चूक असेल तर ती दुरुस्त करायला एक रुपया लागत नाही. आपणच तक्रार टाकायची, आणि तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये आपल्याला मिळतात. जे खरं आहे ते कुणालाच पुसता येत नाही. हे लोक काय करतात, आपल्या पैशाने तुझं बिल भरतात आणि दुसऱ्या दिवशी तुझंच कार्ड घासून तेवढी रक्कम अधिक दोन-तीन टक्के काढून घेतात. रोटेशन म्हणतात त्याला. बाकी होती तिथेच, वर टक्का गेला, आणि बँकेच्या ध्यानात आलं तर कार्डही जातं. वसुलीवाला फोन करून "सेटलमेंट करा, वीस हजार सोडतो" म्हणाला तरी भुलू नको. वीस हजार सुटतात खरे, पण खात्यासमोर 'सेटल्ड' असा शिक्का बसतो आणि घरकर्ज देणारा माणूस तो शब्द बघून फाईल बाजूला ठेवतो. मी स्वतः ठेवतो.

अर्जांचंही तसंच. एका बँकेने नाकारलं म्हणून तू लगेच आणखी तीन ठिकाणी अर्ज टाकलेस, ते रिपोर्टात ओळीने दिसतात. दिवाळीपर्यंत एकही नको. स्वतःचा स्कोअर मात्र हवा तेव्हा बघ, त्याने काही कमी होत नाही. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांनी वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट दिलाच पाहिजे असा नियम आहे.

आणखी एक ओळ दिसली तुझ्या रिपोर्टात. शालकाच्या ट्रॅक्टरला जामीन आहेस तू. तो हप्ता सध्या वेळेवर आहे, पण चुकला तर ते तुझ्याही नावावर येतं. त्याला माझ्या नावाने सांग, हप्ता आधी, बैलजोडीची झूल नंतर.

किती दिवसांत फरक पडेल विचारलं होतंस. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान पंधरवड्याला तरी माहिती पाठवावी लागते, त्यामुळे बाकी उतरली की महिन्या-दोन महिन्यांत आकडा हलायला लागेल. कितीने हलेल ते मी सांगणार नाही, सांगणारा खोटं बोलतो. मे-जूनचे ते दोन डाग मात्र आपल्या वेळेनेच जुने होतील. बहुतेक बँका साडेसातशेच्या आसपास बघतात. तिथपर्यंत दिवाळीला नाही पोहोचलास तर अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, थांब, घाईघाईत दीड टक्का जास्त व्याजाचं घरकर्ज वीस वर्षांसाठी गळ्यात घेऊ नको.

पोळा झाला की शनिवारी ये. ठेवीची पावती आण, दोन्ही कार्डांची सहा महिन्यांची बिलं आण, आणि ती छापून आण, मोबाइलवर दाखवू नको. ठेव दोघांच्या नावावर आहे, तेव्हा कर्जाच्या कागदावर वहिनींचीही सही लागेल, त्यांना बरोबर घेऊन ये. कार्डांवर किती बाकी आहे हे त्यांना अजून माहीत नसेल, असा मला दाट संशय आहे. मग बापू, ते घरीच सांगून ये. बँकेच्या काउंटरवर त्यांना पहिल्यांदा कळलं तर मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलणार नाही.

नानांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
आप्पा