पाच वर्षांचा हिशेब : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

सैन्यातल्या माझ्या सेवेचं निवृत्तिवेतन मिळावं म्हणून केलेल्या अर्जाचं परवा उत्तर आलं. दोन ओळी: सेवा २० वर्षांपेक्षा कमी, सबब निवृत्तिवेतन देय नाही. माझा हुद्दाही चुकीचा लिहिलाय.

मी ८४ वर्षांचा आहे. १९६२ च्या नोव्हेंबरात मी बँकेत कॅशियर होतो. ईशान्य सीमेवरचं बोमदिला चीनच्या हाती पडलं, यशवंतराव दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून आमचा ऊर भरून आला. सरकारने सैन्यातल्या आणीबाणीतल्या कमिशनसाठी, म्हणजे युद्धाच्या निकडीपुरत्या अधिकारीपदासाठी, तरुणांना हाक दिली. आमच्या शाखेतून आम्ही दोघं निघालो. आईने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. बँकेतली पक्की नोकरी सोडून कोणी जातं का, हे एकच तिचं पालुपद.

मद्रासला प्रशिक्षण झालं, खांद्यावर तारा लागला. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झालं तेव्हा मी सियालकोट आघाडीवर होतो. फिलोरा, चाविंडा ही तिथल्या लढायांची नावं आता परीक्षेपुरती उरलीत. पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे कर्नल तारापोर जखमी होऊनही मागे फिरले नाहीत आणि १६ तारखेला पडले, ही बातमी आम्हाला खंदकात कळली. तोफगोळ्याने माझा डावा कान गेला. तो मी कुठे नोंदवला नाही, कारण डॉक्टरसमोरच्या रांगेत पाय गेलेले जवान होते. कागद नाही म्हणून आज तो कानही खोटा.

पाच वर्षांनी गरज संपली, आम्हाला घरी पाठवलं. २० वर्षं आम्ही राहिलो नाही असं तुमचं खातं लिहितं. आम्हाला राहू कोणी दिलं, साहेब? पुन्हा काउंटरवर बसलो, तेव्हा माझ्या मागून लागलेली पोरं माझी साहेब झाली होती. माजी सैनिकांची आरोग्य योजना आम्हाला खुली झाली २०१९ मध्ये, तीही एकरकमी वर्गणी भरून. तोवर निम्मे मित्र गेले होते.

निवृत्तीनंतर एक मुदत मी नगरसेवक होतो, म्हणून राजकारण काही मी लांबून पाहिलेलं नाही. पाच वर्षं सभागृहात काढलेल्या माजी खासदाराला दरमहा ३१,००० रुपये निवृत्तिवेतन, आपल्या राज्यातल्या माजी आमदाराला ५०,०००, तहहयात. त्यांना कोणी २० वर्षं विचारत नाही. त्यात वाढ मंजूर करताना सगळे पक्ष एक होतात, तिथे फाइल अडत नाही. सैन्यात पाच वर्षं घातलेल्या माणसाला मात्र शून्य. याला न्याय म्हणायची माझी तयारी नाही. हा देश चालवणाऱ्यांनी हिशेब फक्त स्वतःपुरता शिकलाय.

मागणी एवढीच: त्या पाच वर्षांच्या प्रमाणात जे होईल ते निवृत्तिवेतन द्या आणि आमच्यामागे आमच्या पत्नींना द्या.

माझ्याबरोबर शाखेतून निघालेला मित्र गेल्या श्रावणात गेला. वहिनी दर महिन्याला फोन करतात, भाऊजी, काही कळलं का म्हणून. त्यांना काय सांगू, तेवढं कळवा.

आपला,
एक माजी कॅशियर, माजी लेफ्टनंट, माजी नगरसेवक