ओहायोहून मालवणला

तीर्थरूप आई व बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे, थंडीचे कपडे पुरेसे आहेत आणि जेवणाची आबाळ होत नाही, तेव्हा आईने काळजी करू नये.

आपल्या घरची गोष्ट परक्या मुलांपुढे कशाला सांगतोस, असे बाबांनी फोनवर विचारले, ते मनाला लागले. बाबा, समाजशास्त्र मी व्याख्येपासून शिकवत नाही. एकाची नोकरी गेली तर ती त्याची अडचण, पण लाखोंची गेली तर कारण समाजाच्या रचनेत शोधावे लागते, हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ राइट मिल्स यांचा १९५९ सालचा विचार मुलांना पाठ होतो, पटत नाही. म्हणून १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यांतला एक पत्र्याची ट्रंक घेऊन कोकणात परतला, तो पुढे स्वतःच्याच नशिबाला बोल लावत राहिला, एवढेच सांगतो. नाव सांगत नाही. मग मुलांना आपापल्या घरी विचारायला लावतो. ओहायोतल्याच यंग्जटाउन शहरातली एक मुलगी आजोबांची शेवटची पगारपावती घेऊन आली, घडीवर फाटलेली. तिथला पोलादाचा मोठा कारखाना बंद करण्याचे सप्टेंबर १९७७ मध्ये जाहीर झाले आणि हजारोंचे काम गेले, तरी आजोबा स्वतःलाच दोष देत गेले, असे ती म्हणाली. तुमचा दोष नव्हता, हेच मी शिकवतो. यात बदनामी कुठे आली?

इथली एक पद्धत मात्र तुम्हाला विचित्र वाटेल. सत्राच्या शेवटी मुले शिक्षकाविषयी अभिप्राय लिहितात. त्या वेळी आम्ही वर्गाबाहेर थांबायचे. कागदावर कुणाचे नाव नसते आणि आम्ही मुलांचे गुण जाहीर करेपर्यंत ते आम्हाला दाखवत नाहीत, म्हणजे रागाने कुणाचे गुण कापले जाऊ नयेत. यात कुणालाच उद्धटपणा वाटत नाही. माझी नेमणूक वर्षावर्षाची असल्याने त्या कागदांना वजन आहे, पण यंदाचे अभिप्राय चांगले आहेत, त्यामुळे नोकरीची भीती बाळगू नये.

कौलांसाठी आणि धाकटीच्या दागिन्यांसाठी पैसे पाठवले आहेत. कमी पडल्यास कर्ज न काढता मला कळवावे. गणपतीत बाबांना एकट्यालाच सगळे करावे लागले, याची रुखरुख आहे. म्हणून लग्नाचा मुहूर्त शक्यतो मेच्या मध्यानंतरचा पाहावा, म्हणजे परीक्षा आटोपून मला येता येईल. कुडाळच्या स्थळाला माझ्या वतीने इतक्यात शब्द देऊ नये. पुढच्या वर्षाच्या नेमणुकीचे पत्र हाती आले की त्या मंडळींशी मी स्वतः बोलेन.

आपला,
बाळ