पालीच्या मेस्त्रीकाकांना मनापासून धन्यवाद

आदरणीय मेस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

परवा आईला कोल्हापूरहून तपासणी करून आणलं. आंबा घाट उतरून साखरप्याला येईपर्यंत ब्रेक दाबताना स्टिअरिंग एकदाही थरथरलं नाही, आणि आई शेजारी निर्धास्त बसली होती. हे तुमच्यामुळे. आभार सगळ्यांसमोर मानतोय, कारण तुम्ही काय केलंत ते समुद्राकाठच्या प्रत्येक गाडीवाल्याला कळायला हवं.

ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं, म्हणून तुमच्याकडे येण्याआधी एका वर्कशॉपने पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क नव्या टाकल्या होत्या. काही महिने बरे गेले, मग थरथर परत आली. पुन्हा डिस्कच बदला, असं सांगितलं गेलं. तुम्ही पाना हातात घेण्याआधी शेजारी बसून चक्कर मारलीत. ब्रेक न दाबता गाडी वेगातही शांत, म्हणजे व्हील बॅलन्सिंगचा दोष नाही. थरथर सीटला नाही, हाताला लागते, म्हणजे दोष बहुधा पुढे. रिकाम्या रस्त्यावर हँडब्रेक हलकेच ओढूनही पाहिलात. मागचे ड्रम ब्रेक ठीक निघाले.

मग चाक काढून डिस्कला डायल गेज, म्हणजे फिरताना ती किती डुलते ते काट्यावर दाखवणारं मोजमाप, लावलंत. काटा 0.05 मिलिमीटरच्या बराच पुढे जात होता. बहुतेक छोट्या गाड्यांना साधारण तेवढाच डोल चालतो, असं तुम्ही सांगितलंत. त्यानंतर जे केलंत ते मी आधी कुठेच पाहिलं नव्हतं. डिस्कवर आणि ती ज्यावर बसते त्या हबवर खडूने खूण केलीत, डिस्क फिरवून दुसऱ्या बोल्टांवर बसवलीत आणि पुन्हा मोजलंत. डिस्क वाकडी असती तर काट्याची उसळी डिस्कबरोबर सरकली असती. ती हबच्या खुणेपाशीच राहिली.

डिस्क उतरवली तर हबवर गंजाचा पापुद्रा. चार महिने पाऊस आणि वर्षभर खारा वारा, दुसरं काय होणार! नवी डिस्क त्या पापुद्र्यावरच चढवली होती. हबपाशी केसाएवढा उंचवटा असला तरी डिस्कच्या कडेला तो वाढतो. डिस्क डुलत फिरते, दर फेऱ्याला एकाच जागी ब्रेक पॅडला घासते आणि हळूहळू तिथे पातळ होते. जाडीत 0.02 मिलिमीटरचा फरक पडला तरी ब्रेक दाबल्यावर हाताला कळतो. नवी डिस्क सुरुवातीला का चांगली वाटली, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने हब लख्ख केलात. मायक्रोमीटरने जाडी मोजून, किमान जाडीच्या वर राहील एवढीच डिस्क लेथवर घासून आणलीत. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरची एक पिन सुकून अडकली होती, तिला ब्रेकचं ग्रीस लावलंत. नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, समोरासमोरचे घेत आवळलेत; एअर गनला हातही लावला नाहीत. नव्या डिस्क विकून तुम्हाला जास्त पैसे मिळाले असते. तुम्ही आधी मोजलंत, मग ठरवलंत, आणि प्रत्येक वेळी मला वाकून बघायला लावलंत. याचे मला पैशांपेक्षा जास्त अप्रूप आहे.

आता आमच्या पावस गावात कुणी डिस्क बदलायची गोष्ट काढली, की मी आधी विचारतो, हब साफ करून मोजलाय का? पावसाळा संपला की पिना तपासायला गाडी घेऊन येतोच.

आपला,
पावसचा एक गाडीवाला